गाडी न चालवणाऱ्या माणसाने गाड्यांचं शहर कसं बांधलं?

फोनवर नकाशाचं ॲप उघडा आणि न्यू यॉर्कमधलं ब्रुकलिन शोधा. समोर पाण्यापलीकडे स्टेटन आयलंड आहे. दोन्हींना जोडणारा एक प्रचंड झुलता पूल दिसेल, त्याचं नाव व्हेराझानो-नॅरोज. १९६४ साली तो सुरू झाला तेव्हा त्याचा १,२९८ मीटरचा मधला गाळा जगात सगळ्यात लांब होता. आता गाडीऐवजी चालणाऱ्या माणसाचं चिन्ह दाबा. ॲप तुम्हाला पुलावरून नेणार नाही.

मला आधी वाटलं, बग असेल. पण ॲप बरोबर होतं. एवढ्या मोठ्या पुलाला फूटपाथच नाही. न्यू यॉर्क मॅरेथॉन इथूनच सुरू होते, त्या दिवशी धावणारे पुलावरून जातात. एरवी पायी जाणाऱ्याला तिथे जागा नाही. हे कोणी ठरवलं, असं शोधत गेलो आणि रॉबर्ट मोझेस सापडला.

निवडणूक हरला, सत्ता मिळवली

मोझेसचा जन्म १८ डिसेंबर १८८८ चा, न्यू हेवन शहरातला. घर सधन होतं. येल, ऑक्सफर्ड आणि मग कोलंबिया विद्यापीठातून राज्यशास्त्रात पीएचडी. म्हणजे तो इंजिनिअर नव्हता, आर्किटेक्टही नव्हता. सरकारी यंत्रणा आतून कशी चालते, हा त्याचा विषय, आणि त्यात तो उस्ताद होता.

१९३४ मध्ये त्याने न्यू यॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि दणकून हरला. लोकांनी निवडून दिलेलं एकही पद त्याला आयुष्यात मिळालं नाही. नेमणुकीची पदं मात्र एका वेळी बारापर्यंत होती.

त्याची खरी ताकद टोलमध्ये होती. १९३६ मध्ये ट्रायबरो पूल सुरू झाला. त्याचा टोल शहराच्या तिजोरीत जात नसे, मोझेसच्या हाताखालच्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे जाई. त्या उत्पन्नाच्या जोरावर रोखे काढायचे आणि त्या पैशातून पुढचा पूल बांधायचा. रोखे घेणाऱ्यांशी करारच असे केले होते की सरकारला मध्ये हात घालणं अवघड व्हावं. महापौर बदलले, गव्हर्नर बदलले, मोझेस राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिन पासवर्ड एकाच माणसाकडे, आणि तो रीसेट करायची सोय कुणाकडेच नाही.

त्याने चांगली कामंही केली, हे मान्य करायला हवं. १९३६ च्या एका उन्हाळ्यात शहरात ११ मोठे सार्वजनिक जलतरण तलाव उघडले. मुलांसाठी शेकडो खेळाची मैदानं केली. १९२९ मध्ये जोन्स बीचसारखा सुंदर किनारा लोकांसाठी खुला केला. पण तिकडे जाणाऱ्या पार्कवेवर बसना मनाई होती. समुद्र सगळ्यांचा, पण तिथपर्यंत गाडी असेल तरच सहज पोहोचता यायचं. आणि गंमत म्हणजे मोझेस स्वतः गाडी चालवत नसे. तो मागच्या सीटवर बसून काम करायचा. ट्रॅफिकमध्ये अडकणं त्याला तेवढं टोचलं नसावं.

पूल वाढले, गर्दीही वाढली

ट्रायबरोवर गर्दी झाली. मग १९३९ मध्ये ब्राँक्स-व्हाइटस्टोन पूल आला. तरी गर्दी हटेना. १९६१ मध्ये जवळच थ्रॉग्ज नेक पूल आला.

असं का होतं? फोनचं उदाहरण घ्या. ६४ जीबीचा फोन भरला म्हणून तुम्ही १२८ जीबीचा घेता. आता जागा आहे म्हटल्यावर व्हिडिओ डिलीट करणं थांबतं, आणि काही महिन्यांत तोच स्टोरेज फुलचा मेसेज. रस्त्याचंही तसंच. गाडीने जाणं सोपं झालं की ट्रेनने जाणारे गाडी काढतात, लोक लांब घर घेतात, दुकानं मोठ्या पार्किंगच्या शोधात बाहेर सरकतात. याला इंड्यूस्ड डिमांड म्हणतात. यात आणखी एक गोष्ट होते. सगळं लांब गेल्यामुळे चालणं शक्यच उरत नाही. आधी सोय असलेली गाडी मग सक्ती होते.

एक मैल, १,५३० कुटुंबं

याची सगळ्यात मोठी किंमत ब्राँक्सने मोजली. शहराच्या या भागातून आरपार जाणाऱ्या क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवेचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. डिसेंबर १९५२ मध्ये ईस्ट ट्रेमाँट वस्तीतल्या लोकांना पत्रं आली, ९० दिवसांत घर सोडा. रस्त्याच्या फक्त एका मैलात १,५३० कुटुंबं हलवायची होती. रहिवाशांनी दुसरा मार्ग सुचवला. थोड्याच अंतरावर, उद्यानाच्या कडेने. त्यात फार थोडी घरं पडली असती. मोझेस हलला नाही. घरं पडली, आणि चालत जायच्या अंतरावर असलेल्या शेजाऱ्यांमध्ये सहा पदरी रस्ता आला.

इथे मी स्वतःला तपासतो. आम्हीसुद्धा डॅशबोर्डवर जे दिसतं तेच सुधारत बसतो. तासाला किती गाड्या गेल्या, हे मोजता येतं. शाळेतून एकटं घरी येणारं पोर किंवा जिना उतरताच भेटणारी मैत्रीण कुठल्याच तक्त्यात नसते. मग तुटल्यावरही ते कुणाला दिसत नाही.

शेवटी अडवलं कुणी?

चालणाऱ्यांनी. वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून रस्ता काढायची योजना होती. आसपासच्या आया पुढे झाल्या, आणि १९५८ मध्ये तिथून गाड्याच बंद झाल्या. त्या लढ्यात जेन जेकब्स ही पत्रकारही होती. गजबजलेला फूटपाथ शहराला सुरक्षित ठेवतो, हे तिने १९६१ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. पुढे सोहो भागातून दहा पदरी एक्स्प्रेसवे न्यायची योजनाही लोकांच्या विरोधामुळे १९६९ मध्ये कायमची बारगळली. आज सोहोत लोक खास पायी फिरायला जातात.

१९६८ मध्ये गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरने टोलचं प्राधिकरण नव्या वाहतूक संस्थेत विलीन केलं आणि मोझेसची सत्ता संपली. आता त्याच टोलच्या शिलकीतून सबवे आणि बसना पैसा जातो. २९ जुलै १९८१ रोजी, ९२ व्या वर्षी तो वारला.

क्रॉस ब्राँक्स अजून तिथेच आहे. चुकीचा कोड एका रात्रीत मागे घेता येतो, काँक्रीट नाही. म्हणून आता कुठल्याही नव्या उड्डाणपुलाचं चित्र दिसलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो. चालणारा माणूस इथून पलीकडे कसा जाणार? तुम्हीही शोधा, आणि चित्रात तो नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी विचारा.