सेनापती एर्विन रोमेल

शत्रूची सेना कोठे आहे, ती कोणत्या वाटेने निघाली आहे आणि उद्या सूर्योदयी ती कोठे उभी असेल, हे ओळखणे ही युद्धकलेतील सर्वांत अवघड विद्या होय. ह्या विद्येचा एक प्रसिद्ध पाठ आपल्याच जालना जिल्ह्याच्या भूमीवर घडला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्यासमोर आलेल्या आर्थर वेलस्लीने केळणा नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली. जेथे अशी दोन गावे आहेत, तेथे नदीला उतार असलाच पाहिजे, असे अनुमान बांधून त्याने आपले सैन्य पार नेले. त्या दिवशी शिंद्यांच्या कवायती पायदळाचे आधिपत्य पोलमन नावाच्या एका हॅनोव्हरच्या जर्मन सरदाराकडे होते. तेव्हाची सेना पायी व बैलांच्या चालीने चाले, म्हणून तिचा माग काढणे मनुष्याच्या आटोक्यात होते. पुढे १३७ वर्षांनी दुसऱ्या एका जर्मन सेनानीने पोलादी रणगाडे अशा वेगाने हाकले की, ते कोठे आहेत हे शत्रूलाच काय, पुष्कळ वेळा त्याच्या वरिष्ठांनाही कळेनासे झाले. त्या एर्विन रोमेलचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

रोमेलचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी दक्षिण जर्मनीतील हायडेनहाइम ह्या गावी झाला. त्याचे वडील शिक्षक होते व पुढे ते मुख्याध्यापक झाले. घराण्यात सरदारकी नव्हती. जर्मन सैन्यातील मोठ्या जागा बहुधा उमरावांच्या मुलांकडे जात. अशा काळात हा शाळामास्तरांचा मुलगा १९१० साली एका पायदळ पलटणीत उमेदवार म्हणून दाखल झाला. डान्झिग येथील सैनिकी शाळेत असताना लूसी मोलिन ह्या तरुणीशी त्याचा परिचय झाला आणि १९१६ साली त्यांचा विवाह झाला. त्यांचा मुलगा मानफ्रेड १९२८ साली जन्मला.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्स, रुमानिया व इटली येथे लढला. ऑक्टोबर १९१७ मध्ये इटलीच्या सरहद्दीवरील माताजूर पर्वताच्या लढाईत त्याने थोड्या सैनिकांनिशी सुमारे ५२ तासांत ९,००० शत्रुसैनिक कैद केले, आणि त्याबद्दल त्याला जर्मनीचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. तेथेच त्याची पुढील सारी पद्धती दिसून येते. शत्रूच्या छातीवर चालून न जाता बगलेतून शिरावे, पाठीमागे पोहोचावे, आणि तो सावरण्यापूर्वी दुसरा घाव घालावा. सेनापतीने मागे तंबूत न बसता अघाडीच्या तुकडीबरोबर असावे, हाही त्याचा नेम होता.

युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याची मर्यादा एक लाखावर आणली व रणगाडे बाळगण्यास बंदी केली. त्या लहानशा सैन्यात रोमेल टिकला. काही वर्षे त्याने ड्रेस्डेन येथील पायदळाच्या शाळेत शिक्षकाचे काम केले, आणि १९३७ साली आपल्या लढायांवर एक पुस्तक लिहिले. ते पुस्तक हिटलरच्या नजरेस आले. रोमेल नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता. परंतु हिटलरच्या रक्षकदलाचे आधिपत्य त्याने पत्करले, आणि त्या मर्जीच्या बळावरच फेब्रुवारी १९४० मध्ये सातव्या पॅन्झर डिव्हिजनचे नेतृत्व मिळविले. रणगाड्यांच्या सैन्याचा अनुभव तोवर त्याला मुळीच नव्हता.

पॅन्झर डिव्हिजन म्हणजे नुसता रणगाड्यांचा कळप नव्हे. रणगाड्यांच्या पाठोपाठ वाहनांतून जाणारे पायदळ, तोफा, पूल बांधणारे कारागीर, पेट्रोलच्या गाड्या आणि ह्या सर्वांना एकत्र बांधणारे बिनतारी संदेशयंत्र, अशी ती एक चालती छावणी असते. विमानदल वरून तिची वाट मोकळी करते. ज्या विद्यार्थ्यांनी रणगाडा पाहिला नसेल, त्यांनी अहिल्यानगर येथील रणगाड्यांचे संग्रहालय अवश्य पाहावे. म्हणजे ते अवजड धूड चालते ठेवण्यास किती माणसे खपत असतील, ह्याची कल्पना येईल.

१० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिमेकडे चढाई केली. १३ मे रोजी रोमेल दिनांजवळ म्यूज नदीवर पोहोचला. धुराचा पडदा करण्याचे साहित्य नव्हते, म्हणून त्याने काठावरची घरे पेटवून दिली व त्या धुरात माणसे रबरी नावांतून पार नेली. १६ मेच्या रात्री चांदण्यात फ्रेंच तटबंदी फोडून तो इतका पुढे गेला की, त्याचा ठावठिकाणा वरिष्ठ कचेरीसही लागेना. ह्यावरून त्याच्या डिव्हिजनला भुताची डिव्हिजन हे नाव पडले. २१ मे रोजी आरासजवळ इंग्रजांच्या जाड चिलखताच्या रणगाड्यांनी त्याला गाठले. त्याच्या लहान तोफांचे गोळे त्यांवरून निसटू लागले, तेव्हा त्याने विमाने पाडण्याच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा आडव्या लावून तो हल्ला थोपविला. १७ जून ह्या एकाच दिवशी त्याची डिव्हिजन सुमारे २४० किलोमीटर दौडली. जालन्याहून नाशिक जवळजवळ एवढेच दूर आहे. दोन दिवसांनी शेर्बुर बंदर शरण आले.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी रोमेल आफ्रिकेतील त्रिपोली येथे उतरला. इटालियन सैन्याची दाणादाण उडाली होती, व केवळ बचाव करावा अशी त्याला आज्ञा होती. त्याच्याजवळ रणगाडे थोडे होते, म्हणून त्याने मोटारींवर लाकूड व कापड यांचे खोटे रणगाडे चढविले. विमानातून पाहणाऱ्या इंग्रजांना मोठी सेना दिसावी हा त्यातील हेतू. मार्चअखेर त्याने आज्ञेची मर्यादा ओलांडून चढाईच केली. ८ एप्रिल रोजी मेचिली येथे त्याने तिसरी हिंदी मोटार ब्रिगेड वेढली. तिच्याजवळ रणगाडे नव्हते, तरी शरण येण्याची मागणी तिने झिडकारली. काहीजण वेढा फोडून निसटले, बाकीचे कैद झाले. टोब्रुक बंदर मात्र त्या वर्षी त्याच्या हाती लागले नाही. सुमारे आठ महिने वेढा चालला, आणि डिसेंबरात त्यालाच माघार घ्यावी लागली.

वाळवंटात रणगाड्यांचा माग काढणे हे दोन्ही बाजूंचे रोजचे काम होते. धुळीचा लोट दूरवरून दिसे, वाळूवर पट्ट्यांचे चरे उमटत, विमाने छायाचित्रे घेत, कैद्यांच्या जबानीतून पलटणींची नावे कळत. परंतु सर्वांत मोठा माग हवेतल्या संदेशांचा होता. रोमेलजवळ शत्रूचे बिनतारी बोलणे ऐकणारी एक कुशल तुकडी होती. शिवाय कैरो येथील अमेरिकन लष्करी प्रतिनिधीचे गुप्त संदेश जर्मनी व इटली वाचीत असत, व त्यांतून इंग्रज सैन्याची इत्थंभूत माहिती रोमेलला मिळे. इकडे इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे गणिती मंडळी जर्मनांची सांकेतिक लिपी उलगडीत होती. रोमेलसाठी पेट्रोल घेऊन कोणते जहाज केव्हा निघणार हे तेथे कळे, आणि ते जहाज वाटेतच बुडे. ही गोष्ट १९७४ सालापर्यंत जगापासून गुप्त राहिली. कागदावर पेन्सिलीने केलेली आकडेमोड रणगाड्यांवर मात करू शकते, हे आपल्या गणिताच्या वर्गाने लक्षात ठेवावे.

२६ मे १९४२ च्या रात्री रोमेलने आपल्या कीर्तीची सर्वांत मोठी चाल केली. गझाला येथे इंग्रजांनी सुरुंगांची लांबच लांब ओळ पेरली होती. त्याने सुमारे १०,००० वाहने चांदण्यात दक्षिणेकडे नेऊन तिला वळसा घातला. त्यानंतर तीन आठवडे झुंज चालली व इंग्रजांचे रणगाडे खर्ची पडले. मग २० जून रोजी पहाटे त्याने टोब्रुकच्या आग्नेय बाजूवर घाव घातला.

ह्या बाजूस अकरावी हिंदी ब्रिगेड होती, आणि तीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. प्रथम विमानांनी तिच्या मोर्चांवर बाँबगोळ्यांचा वर्षाव केला. तटाबाहेरचे कित्येक सुरुंग पूर्वीच काढून गझाल्यास नेले होते, व रणगाड्यांना अडविणारा खंदक ठिकठिकाणी वाळूने भरला होता. त्या वाटेने पंधराव्या व एकविसाव्या पॅन्झर डिव्हिजनचे रणगाडे आत शिरले. खांद्यावर बंदूक घेतलेल्या पायदळाने पोलादापुढे किती वेळ टिकावे? संध्याकाळी रोमेल बंदरापाशी होता. दुसऱ्या दिवशी सुमारे ३३,००० सैनिक त्याचे कैदी झाले, आणि त्याला फील्डमार्शल ही पदवी मिळाली. युद्धाच्या इतिहासात ह्या हल्ल्याचा नकाशा असतो, व त्यावर एक जाड बाण काढलेला असतो. त्या बाणाच्या टोकाखाली आपल्या मराठी खेड्यांतील तरुण होते, ही गोष्ट नकाशा सांगत नाही. चरित्र वाचणाऱ्याने ती स्वतः आठवावी.

कैदेत गेलेल्या हिंदी सैनिकांपैकी काहींनी पुढे जर्मनीत सुभाषचंद्र बोस यांनी उभारलेल्या दलात प्रवेश केला, तर पुष्कळांनी आपली जुनी शपथ मोडली नाही. दोहोंनाही आपण देशाशी प्रामाणिक आहोत असेच वाटत होते. निष्ठा कोणाशी ठेवावी हा प्रश्न त्या काळी साध्या शिपायालाही चुकला नाही. मग तो त्यांच्या विजेत्या सेनापतीला कसा चुकेल?

टोब्रुकनंतर रोमेल मिसरात घुसून एल अलामेनपर्यंत पोहोचला. तेथून अलेक्झांड्रिया सुमारे १०० किलोमीटर राहिले होते. म्हणजे साधारण जालना ते बीड. परंतु त्याच्याजवळ साठाहूनही कमी रणगाडे चालते उरले होते. १ जुलै रोजी देर एल शाइन येथे अठराव्या हिंदी ब्रिगेडने दिवसभर झुंजून त्याला रोखून धरले. ती ब्रिगेड त्यात नष्टप्राय झाली, पण तो दिवस रोमेलच्या हातून गेला. त्याच महिन्यात त्याची बिनतारी ऐकणारी तुकडी शत्रूच्या हाती सापडली, आणि कैरोच्या संदेशांचा झराही तोवर आटला होता. पेट्रोल शेकडो मैलांवरून आणावे लागे, व ते आणणाऱ्या गाड्याच त्यातील मोठा वाटा जाळीत. २३ ऑक्टोबर रोजी मॉन्टगोमेरीने एक हजाराहून अधिक रणगाड्यांनिशी हल्ला चढविला. रोमेल त्या वेळी आजारी होऊन जर्मनीत होता. तो दोन दिवसांनी परतला, तेव्हा बाजू ढासळत चालली होती.

३ नोव्हेंबर रोजी हिटलरची आज्ञा आली की, एक पाऊलही मागे घ्यावयाचे नाही. ती पाळणे म्हणजे सारी सेना मृत्यूच्या मुखात लोटणे होते. रोमेलने एक दिवस ती पाळली, आणि दुसऱ्या दिवशी माघारीचा हुकूम दिला. ज्याच्या कृपेने आपण वर चढलो त्याला आपल्या सैनिकांच्या प्राणांची किंमत नाही, हे त्याला तेव्हा उमगले. तरीही त्याने चाकरी सोडली नाही. मार्च १९४३ मध्ये त्याने आफ्रिका सोडली. मे महिन्यात तेथील जर्मन सेना शरण आली, आणि त्याच्या जागी आलेला सेनापती फॉन आर्निम चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या हाती कैद झाला.

पुढे फ्रान्सच्या किनाऱ्याचे रक्षण त्याच्याकडे आले. शत्रू उतरताक्षणी त्याला पाण्यातच गाठले पाहिजे, म्हणून रणगाडे किनाऱ्यालगत ठेवावेत, असे त्याचे मत होते. इतर सेनापतींना ते मान्य नव्हते, आणि अखेरीस महत्त्वाच्या पॅन्झर डिव्हिजन हिटलरच्या परवानगीवाचून हलू शकणार नाहीत, असे ठरले. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले, तेव्हा रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेला होता. रणगाडे परवानगीची वाट पाहत उभे राहिले. १७ जुलै रोजी त्याच्या मोटारीवर विमानातून गोळीबार होऊन तो जबर जखमी झाला. तीनच दिवसांनी हिटलरला मारण्याचा कट फसला.

त्या कटाशी रोमेलचा संबंध कितपत होता, ह्याविषयी इतिहासकारांत अद्याप एकमत नाही. हिटलरला मात्र संशय पुरेसा होता. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी दोन सेनापती हेर्लिंगेन येथील त्याच्या घरी आले. न्यायासनासमोर यावे, किंवा विष घ्यावे व कुटुंबाची सुरक्षितता पदरात पाडून घ्यावी, असे दोन मार्ग त्याच्यापुढे ठेवण्यात आले. पत्नीचा व पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेऊन तो मोटारीत बसला, आणि थोड्याच अंतरावर त्याचा अंत झाला. जखमांनी मृत्यू आला असे जाहीर करून त्याच सत्तेने उल्म शहरी त्याची थाटाची अंत्ययात्रा काढली. मानफ्रेड पुढे स्टुटगार्ट शहराचा महापौर झाला.

रोमेलविषयी त्याच्या शत्रूंनीही आदर दाखविला. पकडलेल्या छापेमारांना ठार करावे ही हिटलरची आज्ञा त्याने आफ्रिकेत अमलात आणली नाही. हे त्याच्या पदरी जमा धरलेच पाहिजे. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात त्याच्या सेनेच्या पाठोपाठ जाऊन पॅलेस्टाइनमधील यहुदी लोकांचा संहार करण्यासाठी नाझींची एक टोळी अथेन्स येथे सज्ज होती. अलामेनची फळी फुटली असती, तर त्याच्या रणगाड्यांनी मोकळी केलेली वाट तिला मिळाली असती. रोमेल स्वतः मारेकरी नव्हता. तो वाट करून देणारा होता.

विद्यार्थ्यांनी ह्या पुरुषाचा निश्चय, कल्पकता व आपल्या शिपायांबरोबर धूळ खाण्याची वृत्ती अवश्य घ्यावी. पण विद्या आणि विवेक ही दोन वेगळी धने आहेत. आपण किती वेगाने जात आहोत हे पाहताना, आपल्या पाठीमागून त्याच वाटेने कोण येत आहे, हे ज्याने विचारले नाही, त्याला त्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस स्वतःच्या दारात मिळाले.