पोराला दवाखान्यात नेता आलं नाही, त्याच बापाने बर्फात चालणारी गाडी जगाला दिली

मुंबईकरांना बॉम्बार्डियर हे नाव माहितीये ते लोकलमुळे. पश्चिम रेल्वेवर २०१५ साली आलेल्या नव्या गाड्यांना लोक बॉम्बार्डियर लोकलच म्हणायला लागले. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं. बर्फात गाडी चालवायची कशी आणि वळवायची कशी?

जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातलं वॅल्कोर्ट. शेतकऱ्याच्या आठ पोरांमधला हा थोरला. घरातली यंत्रं खोलायचा नाद इतका, की वैतागलेल्या वडिलांनी त्याला फोर्डची एक जुनी मोटार देऊन टाकली. १५ वर्षांच्या आर्मंडने तिचं इंजिन काढून घसरगाडीवर बसवलं आणि मागे विमानासारखा पंखा लावला. १९२२ च्या शेवटी ही गाडी गावातून धावली. धाकटा भाऊ पुढे बसून दिशा सांभाळत होता, आर्मंड मागे इंजिनपाशी. उघडा पंखा फिरताना बघून वडिलांनी गाडी लगेच मोडायला लावली.

घरच्यांना पोरगा पाद्री व्हावा असं वाटत होतं. तो मात्र शाळा सोडून मेकॅनिक झाला. १९२६ साली त्याने गावातच गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फगाडीचे प्रयोग, असं चक्र सुरू झालं.

त्या काळी क्यूबेकच्या खेड्यांत हिवाळा लागला की मोटारी गॅरेजात जायच्या. रस्ते बर्फाखाली, प्रवास घोड्याच्या घसरगाडीतून. १९३४ च्या हिवाळ्यात आर्मंड यांचा दोन वर्षांचा मुलगा इवॉन अपेंडिक्सने आजारी पडला. दवाखाना सुमारे ५० किलोमीटरवर, रस्ते बंद, आणि वापरता येईल अशी गाडी अजून तयार नव्हती. इवॉन गेला.

प्रयोग आधीपासूनच चालू होते. पण आता ते नुसतं वेड राहिलं नाही.

मग अडचण नेमकी काय होती?

चाक बर्फात रुततं, कारण सगळा भार छोट्याशा जागेवर पडतो. आर्मंड यांनी मागे चाकांऐवजी पट्टा लावला. रबराचे दोन पट्टे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्या आणि हे सगळं फिरवणारं रबर चढवलेलं दातेरी चाक. १९३७ साली त्याचं पेटंट मिळालं.

दुसरा प्रश्न स्टिअरिंगचा. पुढे चाकांच्या जागी स्की होत्या. स्कीवर भार जास्त पडला तर ती बर्फात दाबली जाते, हँडल जड होतं आणि चालवणाऱ्याचे हात भरून येतात. भार फारच कमी झाला तर हँडल हलकं लागतं, पण स्की बर्फ धरत नाही. तुम्ही वळवता, गाडी सरळच जाते. म्हणजे सगळा खेळ वजनाच्या वाटणीचा.

बी-७ ही सात जणांची गाडी आणि नंतरची बारा जणांची बी-१२, दोन्हींचं इंजिन मागे होतं. जड भार पट्ट्यावर आणि पुढच्या स्की मोकळ्या. या गाड्या डॉक्टरांनी घेतल्या, टपालासाठी आणि शाळेची पोरं नेण्यासाठी वापरल्या गेल्या. १९४२ साली रीतसर कंपनी उभी राहिली.

१९४८ मध्ये क्यूबेक सरकारने खेड्यांतल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं ठरवलं आणि मोठ्या बर्फगाड्यांची मागणी घसरली. आर्मंड यांनी मोर्चा दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या ट्रॅक्टरकडे वळवला.

एकदोघांसाठीची छोटी गाडी मात्र डोक्यात होतीच. घोडं अडलं होतं ते इंजिनाच्या वजनापाशी. हलकी इंजिनं मिळायला लागली, मुलगा जर्मेन याने अखंड रबरी पट्टा तयार केला आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. हिचं इंजिन पुढे होतं, पण वजनाने हलकं. शिवाय चालवणारा स्वतःच अंग कलवून भार इकडचा तिकडे करू शकत होता. कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून नाव स्की-डॉग ठरलेलं, पण लिहिताना चूक झाली आणि स्की-डू हेच नाव राहिलं, असं सांगतात.

आजही स्नोमोबाइलचं हँडल जड झालं तर मेकॅनिक तेच बघतो. स्की एका रेषेत आहेत का, सांध्यांना ग्रीस आहे का आणि स्कीवर भार किती. पुढच्या स्प्रिंगांचा ताण कमी करून किंवा पट्ट्याच्या सस्पेन्शनचा पुढचा पट्टा थोडा सैल सोडून तो भार मागे ढकलला जातो. थोडाथोडाच, नाहीतर गाडी वळणावर घसरते.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी आर्मंड बॉम्बार्डियर कॅन्सरने गेले, वयाच्या ५६ व्या वर्षी. विमानं आणि रेल्वे हा कंपनीचा पसारा त्यांच्यानंतरचा. पण पेशंट घरात आणि रस्ता बर्फाखाली, या अडचणीवरचा उपाय मात्र त्यांनी हयातीतच गावोगावी पोहोचवला होता.