वैशाखी पौर्णिमा आणि धर्मानंद कोसंबी

कोयनाकाठच्या आम्हां पाटणकरांस कऱ्हाडजवळील आगाशिवची बौद्ध लेणी परिचित आहेत. परंतु बुद्धोपदेश मराठीत उलगडून सांगितला तो गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांनी. जन्म १८७६ चा. ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्राने ते भारावले. १८९९ मध्ये पत्नी व तान्ह्या कन्येस मागे ठेवून निघाले, पुण्यास व काशीस संस्कृत शिकले, काशीत अन्नछत्रात जेवले आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपी भिक्षू झाले.

गृहत्यागाचे गुणगान आम्ही कीर्तनकार सहज करतो. मागे राहिलेलीचे दुःख कोण गातो? धर्मानंदांचे थोरपण मला पुढेच दिसते. ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास करून परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरविले, कलकत्त्यास पाली शिकविण्याचे पत्करले आणि पत्नीसह पुन्हा संसार मांडला. श्वासोच्छ्वासावर स्मृती जागृत ठेवावी; मैत्रीची भावना प्रथम स्वतःविषयी, मग प्रियजनांविषयी, मग तटस्थाविषयी आणि शेवटी वैऱ्याविषयी करावी, हा बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथातील अभ्यासक्रम. तो ग्रंथ त्यांनी नागरीत संपादिला. १९३७ साली परळच्या श्रमिक वस्तीत बहुजनविहार स्थापून तेथे ते राहिले.

अखेरीस व्याधिजर्जर देहाने सेवा घडेना, तेव्हा सेवाग्रामी त्यांनी अन्नत्याग केला. ४ जून १९४७ रोजी देह ठेविला.