सरळ रेषेमागचा माणूस : रने देकार्त

तत्त्वज्ञान विषय घेतलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना देकार्त भेटतो तो प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊन पाहणारा विचारवंत म्हणून. परंतु आलेखाच्या कागदावर ज्याने समीकरणाची रेषा काढली आहे, त्याची देकार्तशी गाठ शाळेतच पडलेली असते.

फ्रान्सच्या तूरेन प्रांतात, ला हे या गावी ३१ मार्च १५९६ रोजी त्याचा जन्म झाला. तो वर्षाचा होतो न होतो तोच आई वारली, आजीने वाढवले. ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयात प्रकृती नाजूक म्हणून त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्याची मुभा होती. (आमच्या वसतिगृहात कोणी मागून पाहावी!) ही सवय त्याला जन्मभर राहिली. १६१६ साली त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. १६१८ मध्ये तो हॉलंडच्या सैन्यात शिरला. तेथे ब्रेडा गावी आयझॅक बेकमन या विद्वानाची मैत्री जडली आणि गणिताची ओढ पुन्हा जागी झाली. छतावरची माशी पाहून त्याला आलेखाची कल्पना सुचली, असे पुष्कळ जण सांगतात. पण ती निव्वळ दंतकथा आहे.

१६२८ पासून सुमारे वीस वर्षे तो हॉलंडमध्येच बिऱ्हाडे बदलत राहिला. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याचे कळताच त्याने स्वतःचा तयार होत आलेला ग्रंथ छापला नाही. १६३७ साली लायडेन येथे त्याचे पुस्तक निघाले, तेही लेखकाच्या नावाविना. त्यात विचारपद्धतीवरचा निबंध होता व त्याला जोडून ‘भूमिती’. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने हे फ्रेंचमध्ये लिहिले, म्हणजे लॅटिन न शिकलेल्यांनाही वाचता यावे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि शिकतो मराठीतून. त्यामुळे मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पण त्याच पुस्तकातली ‘भूमिती’ मात्र त्याने जाणूनबुजून अवघड ठेवली. शोधण्याचा आनंद इतरांनाही मिळावा म्हणून पुष्कळ पायऱ्या गाळल्या, असे त्याने शेवटी सुचवले आहे. मला हे पटत नाही. दार उघडायचे आणि उंबरठा कमरेइतका बांधायचा, असा हा प्रकार झाला.

२क्ष + ३य = १२ हे समीकरण घ्या. नुसते पाहून रेषा कशी जाईल हे चटकन कळत नाही. य डावीकडे एकटा ठेवला, बाकीचे उजवीकडे नेले आणि ३ ने भागले, की य = –(२/३)क्ष + ४ असे रूप मिळते. आता सारे उघड होते. रेषा उभ्या अक्षाला ४ वर छेदते. उजवीकडे ३ घरे गेले की ती २ घरे उतरते. तिचा चढ उणे दोन-तृतीयांश. समीकरण तेच, अर्थात एका अक्षराचाही बदल नाही. केवळ मांडणी फिरवली.

शाळेत आपण हेच रूप य = मक्ष + क असे लिहितो आणि म ला चढ म्हणतो. देकार्तच्या पुस्तकात ते असे सापडत नाही. आपले एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्षही तेथे नाहीत. पापुस या ग्रीक गणितज्ञाचा जुना प्रश्न सोडवताना त्याने य एकटा काढला आहे खरा. पण तेथे म हे सुटे पद आहे, चढाच्या जागी दुसऱ्याच दोन अक्षरांचे गुणोत्तर आहे, आणि पुढे एक लांबलचक वर्गमूळ. ते वर्गमूळ नाहीसे झाले तर उरते ती सरळ रेषा, एवढे सांगून तो पुढे जातो. चढासाठी म हे अक्षर एकोणिसाव्या शतकातल्या क्रमिक पुस्तकांतून रूढ झाले.

‘भूमिती’ लोकांना खऱ्या अर्थाने वाचता आली ती लायडेनच्या फ्रान्स व्हान स्कूटेन या शिक्षकामुळे. त्याने १६४९ साली तिचे लॅटिन भाषांतर केले आणि गाळलेल्या पायऱ्या टीपा लिहून भरून काढल्या. त्याच वर्षी देकार्त स्वीडनच्या ख्रिस्तिना राणीच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला. तोवर त्याने पुष्कळ सोसले होते; त्याची एकुलती मुलगी फ्रान्सीन १६४० मध्ये पाच वर्षांची असताना वारली होती. राणीला तत्त्वज्ञानाचा पाठ हवा असे पहाटे पाच वाजता, तोही तिथल्या हिवाळ्यात. जन्मभर उशिरा उठणाऱ्या माणसाला ते सोसले नाही. ११ फेब्रुवारी १६५० रोजी फुप्फुसाच्या दाहाने तो गेला, वय ५३.

व्हान स्कूटेनने पुढे टीपा वाढवून दुसरी आवृत्ती काढली. केंब्रिजला शिकत असताना न्यूटनने ‘भूमिती’ वाचली ती याच आवृत्तीवरून.