वसईचा निर्भय संत

लाटांना भिऊन बुडणाऱ्या पेत्राला प्रभू येशूने हात दिला. तोच हात आपल्या शेजारच्या वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांनी धरला. व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. जपानच्या हिदेयोशीने १५८७ साली मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता. तरी १५९३ साली गोन्सालो दुभाषी म्हणून तेथे गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ते संत घोषित झाले.

आपण पनवेलकर नोकरी, आजारपण, कर्ज यांना भितो. भीती वाटणे पाप नव्हे, पेत्रही भ्याला. पण बुडताना त्याने प्रभूलाच हाक मारली. आपणही मारू या.