लक्ष्मीबाई टिळक : मतभेदांतून घडलेले सहजीवन

‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या पाठोपाठ धर्मांतर केले, असे विधान सर्रास केले जाते. त्यांच्या चरित्रातील घटनाक्रम पाहता हे विधान अपुरे ठरते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले; नाशिकजवळील जलालपूर हे त्यांचे गाव. घरात सोवळ्याओवळ्याचे कडक वातावरण होते. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक प्रतिभावंत कवी, पण तितकेच लहरी आणि तापट होते. न सांगता घर सोडून जावे, हाती आलेला पैसा देऊन टाकावा, अशा त्यांच्या वृत्तीमुळे संसाराचा भार पत्नीवरच पडे. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात पत्नीची संमती नव्हती; लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो संसारावरील आघातच होता.

त्यानंतरची काही वर्षे त्या लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. या काळात टिळकांनी पत्रव्यवहार तुटू दिला नाही आणि लक्ष्मीबाईंनीही नाते तोडले नाही. पुढे त्या अहमदनगरला आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. आरंभी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. पुनर्मीलनाचे मर्म या परस्परसंयमात आहे. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निष्कर्ष त्यांनी राहुरीच्या वास्तव्यात स्वतःच्या विचाराने काढला. आधी जातिभेदाचा त्याग आणि मग १९०० मधील बाप्तिस्मा, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

धर्म एक झाला म्हणून स्वभाव एक झाले नाहीत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा संसाराची विवंचना पुन्हा उभी राहिली. वाद होत राहिले; मात्र पूर्वीप्रमाणे ते विरहापर्यंत गेले नाहीत.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे अकरा अध्यायच लिहून झाले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील चौसष्ट अध्याय रचून ते काव्य पूर्ण केले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागशः प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत पतीचे दोष त्यांनी झाकले नाहीत आणि त्यांविषयी कटुताही बाळगली नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंना केवळ पतीची अनुयायिनी मानले, तर ‘स्मृतिचित्रे’तील निर्भय विनोदाचा उलगडा होत नाही. आपल्या अटींवर परतलेल्या आणि स्वतःच्या विचाराने बदललेल्या स्त्रीचा तो विनोद आहे. या दांपत्याचे सहजीवन टिकले ते मतभेद मिटल्यामुळे नव्हे. दुसऱ्याच्या मनाला बदलण्यासाठी लागणारा अवधी दिला गेल्यामुळे टिकले, असे म्हणावे लागते.