दादासाहेबांची चादर

आमचं एन.एस.एस.चं शिबिर वढू बुद्रुकला होतं, संभाजीमहाराजांच्या समाधीचं गाव. फोटो काढायचं काम माझ्याकडे. नेत्रतपासणीच्या खोलीत उजेड बेताचाच, म्हणून मी बिनधास्त फ्लॅश मारला. समोरच्या आजींनी दचकून डोळ्यांवर पदर घेतला. फोटोत त्या चुन्यासारख्या पांढऱ्या आणि मागची रांग काळोखात. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो, हे फिजिक्समध्ये शिकलो होतो, पण तेव्हा आठवलं नाही! मग फ्लॅश बंद करून आयएसओ थेट ६४०० केला, तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे.

रात्री दादासाहेब फाळके आठवले. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, पण प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुढे सिनेमाने झपाटले. इतके सिनेमे पाहिले की दृष्टी जायची वेळ आली. उपचारांनी ती वाचली. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. रोज थोडं थोडं चित्रण करून वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं, तेव्हा कुठे भांडवल मिळालं.

त्या काळची फिल्म फार मंद. आयएसओ वाढवायची सोय नाही आणि सिनेमाला फ्लॅश काय कामाचा? म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चं शूटिंग दादरच्या बंगल्याच्या आवारात, उन्हात. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत, म्हणजे प्रकाश परतून नटांच्या चेहऱ्यावर पडे. रात्री फिल्म धुवायलाही त्याच. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. दादासाहेब १९४४ मध्ये नाशिकला गेले.

दुसऱ्या दिवशी मी खोलीची खिडकी सताड उघडली, आजींना तिच्याजवळ बसवलं आणि रूममेटला समोर पांढरी चादर धरून उभं केलं. तो कुरकुरला, पण उभा राहिला. फ्लॅश बंद, आयएसओ ८००. थोडे दाणे आले, पण आजी आजींसारख्या दिसल्या, डोळे उघडे ठेवून.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी असलेला उजेड वळवायचा, मग आयएसओ वाढवायचा, फ्लॅश सगळ्यात शेवटी. आणि फोटोखाली माझ्या नावाबरोबर चादर धरणाऱ्याचंही नाव लिहायचं.